माकडहाडाजवळचा नासूर

"मूळव्याध झालीय" असं म्हणत विशीतला पोरगा दवाखान्यात शिरतो. खुर्चीत तो सरळ टेकत नाही, एका कुल्ल्यावर भार देऊन अर्धा कलंडून बसतो. जाणता डॉक्टर त्याला आधी एकच विचारतो, "नेमकं कुठं दुखतंय? बोट ठेवून दाखव." मूळव्याधीचा माणूस बोट खाली, गुदद्वाराकडे नेतो. हा ते वर नेतो, माकडहाडाच्या टोकापाशी, दोन कुल्ल्यांमधली घळ जिथं सुरू होते तिथं. अर्धं निदान तिथंच होतं. उरलेलं अर्धं पालथं झोपवून, दोन्ही बाजूंची कातडी हातानं फाकवून, चांगल्या उजेडात पाहिलं की होतं. त्याला ना एक्स-रे लागतो, ना रक्ताची लांबलचक यादी.

डॉक्टर कागदावर 'पायलोनायडल सायनस' लिहितात. घरी गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडी बसत नाही. मग कुणी केसतूड म्हणतं, कुणी नासूर, कुणी भगंदर, आणि नावागणिक उपाय बदलत जातो. या आजारात माणसाचं जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं आजारानं होतच नाही, ते अशा चुकीच्या नावानं सुरू झालेल्या उपायांनी होतं.

उदाहरणादाखल कडा घ्या. नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बीड जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. आष्टी तालुक्यातला कांदा इथं येतो, आसपासच्या वाड्या-वस्त्यांची माणसं बाजारहाटाला आणि दवाखान्याला इथंच येतात. 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशनही मिळालं. गावातल्या दवाखान्यात भागलं नाही की पेशंट नगर गाठतो. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तरी बोलण्यात अजून नगरच आहे. माकडहाडाजवळ पिकलेला गळू घेऊन मोटारसायकलच्या मागच्या सीटवर नगरपर्यंत बसून जाणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच विचारावं. एसटीत जागा असूनही असा पोरगा दांडीला धरून उभा राहतो.

हा आजार तरुणांचा. नॉर्वेतल्या 1995 सालच्या एका नावाजलेल्या अभ्यासात वर्षाला लाखामागे 26 जणांना तो आढळला. मुलींपेक्षा मुलांचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त होतं. मुलांचं सरासरी वय 21 आणि मुलींचं 19. वयात येण्याआधी तो क्वचितच दिसतो आणि चाळिशीनंतर नव्यानं होणं विरळा. राठ, दाट केस, सुटलेलं अंग, खोल घळ आणि घरात आधी कुणाला झालेला असणं, या गोष्टी असतील तर शक्यता वाढते. आता हे वय बीड जिल्ह्यात काय करत असतं ते पाहा. पोरगा ट्रॅक्टर चालवत असतो, अभ्यासिकेत दिवसभर बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचत असतो, किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर उघड्या जमिनीवर उठाबशा नि सिट-अप्स काढत असतो. कामाचं, लग्नाचं, भरतीचं वय. अशा वयात बुडाला जखम झालीय हे कुणाला सांगायचं?

तपासताना काय दिसतं ते जवळून सांगतो. घळीच्या बरोबर मध्यरेषेवर टाचणीच्या टोकाएवढे एक-दोन किंवा चार-पाच काळपट ठिपके दिसतात. कातडी ताणली की कळतं, हे ठिपके नव्हेत, छिद्रं आहेत. एखाद्या छिद्रातून केसाचं टोक बाहेर डोकावत असतं. चिमट्यानं ते हलकेच ओढलं तर एक केस येत नाही, केसांची ओलसर, वास मारणारी अख्खी गुंतवळ येते, आणि पेशंटला फारसं दुखतही नाही. या छिद्रांपासून वरच्या अंगाला, एका बाजूला दोन-चार सेंटिमीटरवर, लालसर मांसाचा उंचवटा असतो आणि त्यातून पू, पाणी किंवा रक्तमिश्रित लस झिरपते. मधली छिद्रं म्हणजे आत शिरायची वाट आणि बाजूचं तोंड म्हणजे पू बाहेर पडायची वाट. दोन्हींच्या मध्ये कातडीखालच्या चरबीत एक बोगदा असतो. बोगद्याला आतून धड कातडी नसते, कच्च्या मांसाचं अस्तर असतं, आणि आत केस. गंमत अशी, की घळीच्या ज्या तळाशी ही छिद्रं असतात तिथं मुळात केस उगवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मग आत केस आले कुठून?

याचं उत्तर आष्टीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. कुसळी गवताचं कुसळ धोतरात किंवा मेंढीच्या लोकरीत अडकलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही, कारण त्यावरच्या बारीक काट्यांचं तोंड एकाच दिशेला असतं. केसाचंही तसंच. सूक्ष्मदर्शकाखाली केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात, सगळे टोकाकडे झुकलेले. घळीत असा सुटा केस पडला, वर घाम आला, चालता-बसताना दोन्ही कुल्ले एकमेकांवर घासले, की तो मुळाकडची बाजू पुढं करून कातडीत शिरतो. एकाच्या मागून दुसरा जातो. शरीर त्याला परकी वस्तू समजून लढायला लागतं, सूज येते, जंतू जमतात आणि एक दिवस गळू होतो.

हे इतकं सोपं उत्तर सापडायला डॉक्टरांना शंभर वर्षं लागली. हर्बर्ट मेयो या इंग्लिश सर्जननं 1833 साली या आजाराचं वर्णन केलं. 1880 मध्ये बोस्टनच्या हॉजेसनं त्याला आजचं नाव दिलं. त्यानंतर मात्र वैद्यकानं एक हट्ट धरला: हा जन्मजात दोष आहे, गर्भात पाठीचा कणा तयार होताना कातडीचा तुकडा आत राहून जातो आणि तरुणपणी डोकं वर काढतो. आता दोष जन्मजात म्हटला की तो समूळ खणून काढायला हवा. म्हणून हाडापर्यंत खोल, हातभर वाटावी अशी जखम करायची पद्धत पडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात या आजारानं कहर केला. सुमारे 79,000 सैनिक त्यापायी इस्पितळात भरती झाले आणि दर माणशी सरासरी दोन महिन्यांच्या आसपास तिथं पडून राहिले. लुई ब्युई या मेयो क्लिनिकच्या सर्जननं 1944 मध्ये याला 'जीपचा आजार' म्हटलं, कारण खडबडीत रस्त्यावर जीप हाकणाऱ्यांत तो फार दिसे.

जीपचं नाव उगाच बदनाम झालं. सैन्यात विशीतले, घामाघूम होणारे, दर आठवड्याला केस बारीक करणारे हजारो तरुण एकत्र असतात. आजाराला हवा तो माणूस तिथं आयताच जमलेला असतो. तुर्कस्तानात 1999 साली छापलेल्या एका पाहणीत हजार सैनिक तपासले, तेव्हा 88 जणांना हा आजार निघाला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही नव्हता. ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्यानं हा आजार होतो असं आपल्याकडेही सर्रास सांगतात. बसण्यानं दुखणं वाढतं, घासणं वाढतं, एवढं खरं. पण नुसतं बसणं हे मूळ कारण नव्हे. तसं असतं तर चाळीस वर्षं गादीवर बसलेले सगळे आडते कधीच आडवे झाले असते.

जन्मजात दोषाची गोष्ट मोडून काढली ती एका न्हाव्याच्या हातानं. लंडनमधल्या पेटी आणि स्कार्फ या दोघा डॉक्टरांनी 1940 च्या दशकात एका केशकर्तनकाराच्या दोन बोटांच्या बेचक्यातला नासूर तपासला. आत केस होते आणि ते त्याचे नव्हते, गिऱ्हाइकांचे होते. बोटांच्या बेचक्यात कुणी जन्मजात दोष घेऊन येत नाही, आणि आलाच तर दुसऱ्याचे केस घेऊन तर नक्कीच येत नाही. पुढं गाई-म्हशींच्या धारा काढणाऱ्यांच्या हातातही जनावरांच्या केसांचे असेच नासूर नोंदवले गेले. म्हणजे केस बाहेरून आत येतो. हे एकदा पक्कं झालं, की उपचाराचा सगळा हिशेबच पालटतो. समूळ खणायला आत काही 'मूळ'च नसतं. केस काढायचे, छिद्रं काढायची आणि घळीच्या तळाशी पुन्हा केस शिरणार नाही अशी सोय करायची, एवढंच काम उरतं.

यात एक मतभेद आहे, तोही सांगायला हवा. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे जॉन बॅसकम यांचं म्हणणं असं, की आधी केसाचं रंध्र मळानं तुंबून फुगतं आणि फुटतं, केस नंतर त्यात शिरतात. आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद सर्जन लोकांना आवडतो. पेशंटला त्यानं फरक पडत नाही, कारण घळीतली ओल, कोंदटपणा आणि ओढ हे मूळ कारण दोन्ही पक्षांना मान्य आहे.

2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नासुरातून काढलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिले, आणि चित्र अजून बदललं. बरेचसे केस आखूड, मूळ नसलेले, आणि कात्रीनं कापल्यासारखे टोकदार निघाले. ते कमरेचे नव्हते, डोक्याचे होते. मानेवर मशीन फिरते, बारीक तुकडे कॉलरमधून पाठीवर उतरतात, पाठीच्या पन्हळीतून घरंगळत थेट त्या घळीत जाऊन बसतात. कटिंग करून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात कुठं शिवायचं नाही, हा दंडक आपल्याकडच्या आज्या अजून पाळायला लावतात. त्यामागं सोवळ्या-ओवळ्याचा विचार होता, माकडहाडाचा नव्हता, तेव्हा पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. पण ही आंघोळ कामाची आहे. पाठीवरून भरपूर पाणी घेऊन घळ हातानं नीट धुवावी आणि कपडे बदलावेत. सलूनमधून थेट भरतीच्या मैदानावर जाणाऱ्यानं तर नक्कीच.

आता उपचार. पण कोणत्या टप्प्यावर आहात यावर सगळं अवलंबून आहे.

नुसती छिद्रं आहेत, दुखत नाही, पू नाही, तपासताना सहज दिसली, तर ऑपरेशन करू नये. जागा स्वच्छ आणि केसविरहित ठेवावी, बस. 'पुढं मोठं होईल, आत्ताच काढून टाका' असं कुणी घाबरवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. बीड जिल्ह्याला हे मी मुद्दाम सांगतो. 2019 मध्ये इथल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढून टाकण्याचा प्रश्न विधान परिषदेत गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गरज नसताना कापलेलं परत जोडता येत नाही, हे या जिल्ह्याला शिकवायला नको.

गळू झाला असेल तर गोष्ट उलटी आहे. तिथं थांबण्यात शहाणपण नाही. रात्रभर ठणका, ताप, पालथं झोपूनच राहायची पाळी, आणि तरी माणसं गोळ्यांचं पाकीट संपवत बसतात. बंद गळवात औषध धड पोचत नाही. पू बाहेर काढायलाच हवा. जागा बधिर करून, किंवा मोठा असेल तर भूल देऊन, चीर दिली की त्याच क्षणी ठणका उतरतो. चीर मध्यरेषेवर नको, थोडी बाजूला हवी, कारण मध्यरेषेवरची जखम भरायला कटकट करते. आत दिसतील ते केसही त्याच वेळी काढून घ्यावेत. डेन्मार्कमधल्या 1988 च्या अभ्यासात नुसता पू काढलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांची जखम अडीच महिन्यांत भरली. त्यातल्या काहींना तो पुन्हा झाला. पण बऱ्याच जणांना पुढं मोठं काही करावं लागलं नाही. म्हणून पहिल्याच गळवाला मोठं ऑपरेशन उरकून घेण्याची घाई नको.

घरगुती उपायांचं म्हणाल तर भाजलेला कांदा, गूळ-चुन्याचा लेप, पीठ शिजवून बांधलेलं पोटीस हे सगळं करटावर चालत आलेलं आहे. शेकानं गळू पिकतो, फुटतो, आणि माणसाला वाटतं बरं झालं. फुटलं, पण आतली केसांची गुंतवळ तिथंच राहिली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. खरी भीती लेपाची नाही, रस्त्याच्या कडेला 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन खात्रीशीर' असा बोर्ड लावून बसणाऱ्यांची आहे. तिथं न तपासताच जहाल औषधाचं इंजेक्शन टोचतात. गुदद्वाराशी काही संबंध नसलेल्या दुखण्यासाठी गुदद्वाराजवळचा भाग जळतो, आणि मूळ नासूर वर जसाच्या तसा.

भगंदर आणि हा नासूर यांत गल्लत का होते, तेही पाहू. दोन्हींत बोगदा, दोन्हींत पू. पण भगंदराचं आतलं तोंड गुदमार्गात उघडतं, याचं उघडत नाही. बाहेरचं तोंड फार खाली, गुदद्वाराजवळ असेल तर डॉक्टरला शंका येते आणि मग एमआरआय काढणं रास्त ठरतं. एरवी नाही. आणखी एक भीती घरोघर असते, 'हाडाला कीड लागली'. या आजारात माकडहाडाला काही झालेलं नसतं. बोगदा हाडाच्या वरच्या चरबीत असतो.

क्षारसूत्राबद्दल लोक हमखास विचारतात. सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाचे प्रकार सांगताना आत अडकलेल्या शल्यामुळे होणारा नाडीव्रण वेगळा सांगितला आहे. कृश, दुर्बल, भित्र्या रोग्याला शस्त्राऐवजी क्षारसूत्रानं छेद द्यावा, असंही त्यात आहे. धाग्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून 21 थर चढवतात. आघाडा आपल्या बांधावरचाच. हा धागा बोगद्यातून ओवून बांधतात, दर आठवड्याला बदलतात, तो हळूहळू कापत आणि भरत जातो. बनारस हिंदू विद्यापीठात 1960 च्या दशकात ही पद्धत पुन्हा जिवंत झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1991 मध्ये छापलेल्या चाचणीत भगंदराचे पेशंट घेतले होते. क्षारसूत्रानं जखम भरायला सुमारे 8 आठवडे लागले, ऑपरेशननं 4. पण परत उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, ऑपरेशनमध्ये 11. ती चाचणी भगंदराची होती, माकडहाडाजवळच्या नासुराची नव्हती, हे जाहिरातीत सांगत नाहीत. शल्यतंत्रात एम.एस. केलेल्या वैद्याकडे, आधी आतले केस स्वच्छ करून घेतले तर हा पर्याय विचारात घ्यायला हरकत नाही. केस आत ठेवून नुसता धागा ओवला तर तो धागाही हरतो.

परत परत पाणी झिरपतंय, वर्षात दोन-तीनदा गळू होतोय, तेव्हा मात्र ऑपरेशनचा विचार करायचा. यातले प्रकार इतके आहेत की सर्जन लोकांचंही एकमत नाही. तरी पेशंटनं एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: "डॉक्टर, टाके मध्यरेषेवर येणार की बाजूला?"

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे नासूर कापून जखम उघडी ठेवायची. ती तळापासून भरत येते. उलटण्याचं प्रमाण बेताचं, पण भरायला सहा आठवडे ते तीन महिने, कधी जास्त. रोज ड्रेसिंग. दुसरी सोपी पद्धत म्हणजे कापून तिथंच मधोमध टाके घालायचे. पाचव्या दिवशी माणूस खूश, तीन आठवड्यांनी टाके उसवलेले. घळीच्या तळाशी ओल आहे, ताण आहे, हवा नाही, आणि तिथंच आपण शिवण घातली. ती टिकेल कशी? 2010 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं 26 चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष स्पष्ट दिला: टाके घालायचेच असतील तर मध्यरेषा सोडून घाला.

बाजूला टाके घालण्याची कल्पना ग्रीक लष्करातले सर्जन जॉर्ज कॅरिडाकिस यांनी रुजवली. त्यांनी केसाचं शिरणं, घळीतली ओढ आणि कातडीचा कमकुवतपणा असं तिहेरी गणित मांडलं. ऑपरेशनमध्ये ते एका बाजूची कातडी तिच्या चरबीसकट सुटी करून पलीकडं ओढून शिवत. शिवण घळीबाहेर येई आणि घळही उथळ होई. हजारो सैनिकांवर हे करून त्यांनी 1992 मध्ये जे निष्कर्ष छापले त्यात आजार उलटण्याचं प्रमाण जेमतेम शंभरात एक होतं. दुसरी पद्धत लिंबर्ग फ्लॅप. लेनिनग्राडच्या अलेक्झांडर लिंबर्ग यांचं काम चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतलं, त्यांनी पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची कातडी फिरवून बसवण्याची भूमिती मांडली आणि सर्जननी ती खाली आणून वापरली. व्रण मोठा दिसतो, पण तो दिसणार कुणाला? नगर-पुण्यात आज बरेच सर्जन यातलं काही ना काही करतात. आजार लहान असेल तर बॅसकमची पद्धत बघावी: जागा बधिर करून फक्त मधली छिद्रं तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यांत कोरून काढायची, बाजूच्या तोंडातून पोकळी साफ करायची. माणूस त्याच दिवशी घरी. उलटण्याची शक्यता थोडी जास्त, पण उलटलं तरी फ्लॅपचा रस्ता मोकळा राहतो. बोगद्यात दुर्बीण घालून जाळणं, लेसरची तार फिरवणं हेही निघालंय. त्याची जखम लहान, बिल मोठं. लेसर म्हणजे जादू नव्हे. आत केस ठेवून लेसर फिरवला तर काय होणार ते एव्हाना वाचकाच्या ध्यानात आलं असेल.

कड्याच्या परिसरात कोणतं ऑपरेशन करावं हे शरीराइतकंच पंचांगावर ठरतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीचा 'कोयता' ठरलेला असतो. अशा माणसाला ऑगस्टमध्ये उघड्या जखमेचं ऑपरेशन केलं तर तो भरत आलेली जखम घेऊन फडात जातो. पाचटात वाकायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढायचं, आंघोळीला पाणी मिळेल तेव्हा. जखम पुन्हा फाटते. गाळप संपलं, कारखान्याचा पट्टा पडला आणि माणसं गावी परतली की मार्च-एप्रिल ते पावसाळ्याच्या सुरुवातीचा काळ ऑपरेशनला बरा. मध्येच गळू झाला तर फडाजवळच्या गावात तेवढा पू काढून घ्यावा आणि मोठं काम परतल्यावर करावं. हे डॉक्टरला आधी सांगावं लागतं. "मला अमुक तारखेला टोळीत जायचंय" हे वाक्य न बोलता पेशंट मान डोलावतो आणि डॉक्टर आपल्या सोयीची पद्धत निवडतो, असं नेहमी होतं. पैशांचं कोडं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं.

मुलींची गत आणखी अवघड. पाळीचं सांगणंच जिथं जड, तिथं हे कोण सांगणार? आईला कळतं ते कपड्यावरच्या डागावरून. "बया, पाळी अजून गेली न्हाई का?" असं विचारल्यावर मग खरं बाहेर येतं. तोवर वर्ष उलटलेलं असतं. लेडी डॉक्टरकडे न्यावं, म्हणजे निम्मा संकोच सरतो. तपासणीला गुदमार्गात बोट घालावं लागतंच असं नाही, हे घरीच सांगून ठेवलं तर मुलगी यायला तयार होते.

ऑपरेशननंतरच्या गोष्टी थोडक्यात. रोज शॉवर नसेल तर तांब्यानं कोमट पाणी ओतून जखम धुवावी, मीठ-हळद काही लावू नये. उघड्या जखमेचं ड्रेसिंग घरी आई, बायको किंवा भाऊ शिकून घेऊ शकतात, पण दर आठवड्याला कुणीतरी जाणत्यानं ती पाहायला हवी, कारण वरची कातडी जुळून आत पोकळी राहिली की आजार परत आलाच. विडी-सिगारेट बंद, त्यानं जखम भरणं लांबतं. टाक्यांच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे बूड टेकून बसणं, मोटारसायकल, जड उचलणं टाळावं. वर्षानुवर्षं वाहत राहिलेल्या नासुरात क्वचित कॅन्सर होतो, म्हणून काढलेला तुकडा तपासायला पाठवणं बरं.

आणि केस. जखमेभोवतीचा दोन इंचांचा पट्टा केसविरहित ठेवायचा, हे सगळे सांगतात. कसा, ते कुणी सांगत नाही. वस्तऱ्यानं किंवा ब्लेडनं वर्षानुवर्षं करणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी न होता जास्त दिसल्याच्या नोंदी आहेत. ब्लेडनं टोकदार तुकडे तयार होतात आणि ते घळीतच पडतात. त्यापेक्षा ट्रिमर बरा, किंवा जखम पूर्ण भरल्यावर, मनगटावर आधी लावून पाहून, केस काढायची क्रीम. आपलं आपल्याला दिसत नाही, तेव्हा लाज सोडून घरातल्या कुणाची तरी मदत घ्यावी लागते. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो लेसरनं केस कायमचे विरळ करण्याचा. अमेरिकेत 11 ते 21 वर्षांच्या 302 मुलामुलींवर केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या काळजीसोबत लेसरही घेतलेल्यांत वर्षभरात आजार उलटला 10.4 टक्क्यांना, आणि नुसती काळजी घेतलेल्यांत 33.6 टक्क्यांना. हा लेसर म्हणजे नासुरात तार घालून जाळणारा नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडे असतो तो. आपल्या सावळ्या कातडीला चालेल असं यंत्र आहे का, एवढं विचारावं, आणि चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं चार-पाच फेऱ्यांची तयारी ठेवावी. तिशी ओलांडली की केसांची आणि घामाची ही भानगड आपोआप निवत जाते, चाळिशीनंतर बहुतेकांना ट्रिमरही लागत नाही.